आधी कॉलेज बघा, मग गाव ठरवा

बारावीचा निकाल लागला की कोकण विभाग राज्यात पहिला आल्याची बातमी येते. २०२४ साली आपला निकाल ९७.५१ टक्के होता, २०२५ साली ९६.७४. पाठोपाठ गुणगौरवाचे कार्यक्रम सुरू होतात. ग्रामपंचायत, वाडीतलं मंडळ, मुंबईकरांचं ग्रामविकास मंडळ, ज्ञातीची संस्था, कुणीच मागे राहत नाही. शाल-श्रीफळ झालं की भाषणं होतात आणि त्यांत दरवर्षी तेच दोन सूर लागतात. एक वक्ता सांगतो, ‘पोरांनो, बाहेर पडा, पुण्या-मुंबईला गेल्याशिवाय काही खरं नाही.’ दुसरा उठून सांगतो, ‘हुशार पोरं सगळी निघून गेली तर कोकणात राहणार कोण? आता आपल्याकडे सगळं आहे, इथेच शिका.’ टाळ्या दोघांनाही पडतात. मुलीसोबत आलेल्या आईला मात्र फॉर्मवर पहिल्या नंबरला काय लिहायचं एवढंच हवं असतं. ते तिला कुणी सांगत नाही.

हा वाद मुळातच चुकीच्या जागी चालला आहे असं माझं ठाम मत आहे. मुलगी पुण्यात शिकत नाही आणि रत्नागिरीतही शिकत नाही, ती एका ठरावीक कॉलेजच्या ठरावीक विभागात, चार-सहा शिक्षकांच्या हाताखाली शिकते. तो विभाग कसा आहे हे ना शहराच्या नावावरून कळतं, ना जिल्ह्याच्या अभिमानावरून. म्हणून माझं म्हणणं असं की कॉलेज चालू असताना, साध्या कामाच्या दिवशी आत जाऊन बघितल्याशिवाय कुणीही पसंतीक्रम भरू नये. आणि ही भेट आईबापांच्या ऐपतीवर सोडून न देता शाळांनी आणि कॉलेजांनी ती अंगावर घ्यावी.

‘बाहेर पडा’ म्हणणाऱ्यांच्या पाठीशी इतिहास उभा आहे, हे आधी मान्य केलं पाहिजे. मुरुडचे धोंडो केशव कर्वे १८७५ साली, सतरा वर्षांचे असताना, परीक्षेसाठी कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्याला गेले. वयाने लहान दिसतो म्हणून तिथे त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही आणि आल्या पावली परत फिरावं लागलं. पुढे त्यांचं जे काही घडलं ते मुंबई आणि पुण्यात. टिळकही लहानपणीच रत्नागिरीहून पुण्याला गेले. रत्नागिरीत आजचं गोगटे-जोगळेकर महाविद्यालय निघालं ते १९४५ साली. त्याआधीच्या पिढ्यांनी जावं की राहावं याचा विचार करायचा तरी कशाच्या जोरावर? बाहेर पडणं हा त्यांचा नाइलाज होता. त्या नाइलाजाची पुढे सवय झाली आणि आता ती सवयच शहाणपण म्हणून सांगितली जाते. कर्व्यांच्या त्या पायपिटीतून मला आणखी एक गोष्ट दिसते. आपल्याला आत घेणार की नाही हे त्यांना दारात पोचल्यावर कळलं. दीडशे वर्षं झाली, रेल्वे आली, हातात फोन आला, तरी कोकणातल्या बहुतेक मुलांना आपलं कॉलेज कसं आहे हे आजही दारात पोचल्यावरच कळतं. फरक इतकाच की तोवर फी भरून झालेली असते.

‘इथेच शिका’ म्हणणाऱ्यांची बाजूही पोकळ नाही. सावंतवाडीत १९६१ पासून पंचम खेमराज महाविद्यालय आहे. दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१ पासून त्याचं मत्स्य महाविद्यालय आहे, लोणेऱ्याला १९८९ पासून तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. सिंधुदुर्गात २०२१ साली आणि रत्नागिरीत २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. चाळीस वर्षांपूर्वी हे कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. पण ‘आहे’ म्हणजे ‘चांगलं आहे’ असं होत नाही, आणि चांगलं असलं तरी ते याच मुलीसाठी चांगलं आहे असंही होत नाही. गावं रिकामी होत आहेत हे खरं दुखणं आहे, मलाही ते छळतं. पण त्याचा इलाज रस्ता, पाणी, रोजगार, शाळेतला शिक्षक यांत शोधला पाहिजे. कोकण राखण्याचं ओझं अठरा वर्षांच्या मुलीच्या पसंतीक्रमावर टाकणं हा तिच्यावर अन्याय आहे.

हे सगळं आत्ताच निकडीचं का झालं? कारण २०२५ पासून नियमांनी पहिल्या पसंतीचं वजन वाढवलं. इंजिनिअरिंगच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेशाच्या) फेऱ्या चार झाल्या आणि पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं तर तेच पक्कं असं ठरलं. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहापैकी मिळालेलं पक्कं. अकरावीही त्याच वर्षी राज्यभर ऑनलाइन झाली, अगदी आपल्या तालुक्यांतसुद्धा, आणि तिथेही पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळून प्रवेश घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद. पूर्वी ‘टाकून तर ठेवू, बघू नंतर’ असं चालायचं. आता फॉर्मवरची पहिली ओळ म्हणजे दिलेला शब्द झाली आहे. न बघितलेल्या जागेला शब्द द्यायचा?

आता विरोधात काय म्हटलं जातं ते घेऊ. पहिलं म्हणणं असं की प्रवेश गुणांवर मिळतो, मग बघून करायचं काय? टॉपच्या दोन-चार सरकारी कॉलेजांपुरतं हे खरं आहे. तिथे ज्याचा नंबर लागतो त्याने बघायला न जाताही प्रवेश घ्यावा, माझी काही हरकत नाही. पण आपल्या मुलांपैकी बहुतेकांचा पर्सेंटाइल मधल्या पट्ट्यात असतो, आणि तिथे एकाच गुणांवर मिळू शकणारी डझनावारी कॉलेजं असतात. त्यांचा आपसातला क्रम सीईटी सेल, म्हणजे राज्याची प्रवेश यंत्रणा, लावत नाही, तो मुलाने लावायचा असतो. आणि तो बहुतेकदा कशावर लागतो? मागच्या वर्षीच्या कटऑफवर, म्हणजे मागच्या वर्षी ज्यांनी न बघता फॉर्म भरले त्यांच्या पसंतीवर.

दुसरं म्हणणं जास्त वजनदार आहे. कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकची श्रेणी आहे, केंद्र सरकारच्या एनआयआरएफचं रँकिंग आहे, तांत्रिक अभ्यासक्रमांना एनबीएची मान्यता आहे. तज्ज्ञांनी तपासलेलं असताना बाप तिथे जाऊन आणखी काय तपासणार? या मोजमापांना माझा विरोध नाही. एनआयआरएफने पदवीनंतरच्या पगाराची मध्यक रक्कम मागायला सुरुवात केली म्हणून निदान ती आकडेवारी तरी डोळ्यांसमोर आली. नाहीतर सगळ्या जाहिराती एखाद्याला मिळालेल्या सर्वोच्च पॅकेजवरच चालायच्या. पण रँकिंगची बरीचशी माहिती कॉलेजांनीच भरून दिलेली असते. नॅकची श्रेणी एकदा मिळाली की साधारण पाच वर्षं चालते. तेवढ्यात विभागातले चांगले शिक्षक येतात आणि जातात. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत नॅकच्या तपासणी समितीतल्या सदस्यांनाच लाचेच्या आरोपावरून सीबीआयने अटक केली, हे आपण वाचलेलं आहे. शिवाय ही श्रेणी असते संस्थेला, आपली मुलगी जाणार असते एका विभागात. कोकणात कुणी गुंठाभर जमीन घेतो तो काय करतो? सातबारा बघतो, फेरफार बघतो आणि मग बांधावर जाऊन उभा राहतो. वाट कुठून आहे, पावसात पाणी कुठून उतरतं, शेजारी कोण आहे, हे विचारल्याशिवाय इसार देत नाही. कागद खोटा असतो असं त्याला वाटत नसतं. पण कागदात वाट दिसत नाही हे त्याला अनुभवाने ठाऊक असतं.

तिसऱ्या आक्षेपाला माझ्या लेखी सगळ्यात जास्त किंमत आहे. भेट फसवते, असं काही अनुभवी शिक्षक म्हणतात. गेटवर कमान, आत लॉन, वातानुकूलित सभागृह, प्रवेश कक्षात चहा आणि रंगीत फाइल; खेड्यातून आलेला बाप इमारत बघून दिपतो आणि तिथल्या तिथे फी भरून येतो. अशी माणसं मीही बघितली आहेत. न गेले असते तर बरं झालं असतं असं वाटावं, इतकी फसलेली. पण ते जून-जुलैमध्ये गेले होते. तेव्हा कॉलेजात तास नसतात, असतो फक्त प्रवेशाचा कक्ष. त्या दिवसांत आपल्याला कॉलेज दिसतच नाही, दिसतं ते विक्रीचं काउंटर. जायचं ते जानेवारीत, मुलगा अकरावीत असताना, किंवा बारावीच्या दिवाळीनंतर लगेच. फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा लागते, मग सीईटी, मग पाऊस. पुढे वेळ मिळत नाही.

आणि बघायचं काय हे कुणीतरी आधी सांगायला हवं. इमारत बघू नका. दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाची प्रॅक्टिकलची जर्नल मागून घ्या आणि प्रत्येक प्रयोगाखालची शिक्षकाची सही आणि तारीख बघा. दर आठवड्याची वेगळी तारीख असेल, मध्येच एखाद्या आकृतीवर लाल शाईने फुली मारून ‘पुन्हा करा’ लिहिलेलं असेल, तर तिथे प्रयोग होतात. दहाच्या दहा प्रयोगांवर एकाच दिवसाची सही, तीही परीक्षेच्या आदल्या आठवड्यातली, असेल तर प्रयोगशाळेतली यंत्रं कितीही नवी असोत, तिथे जर्नल उतरवून काढतात. एवढं बघायला बापाला इंजिनिअरिंग यावं लागत नाही, तारीख वाचता आली की पुरे. तंत्रशिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या एआयसीटीईच्या नियमाने कॉलेजला शिक्षकांची यादी आपल्या वेबसाइटवर टाकावी लागते. ती छापून न्यावी आणि विभागात जाऊन विचारावं, यांतले आज कोण कोण आहेत? नियमाने इंजिनिअरिंगला वीस मुलांमागे एक शिक्षक हवा. कला-वाणिज्य-विज्ञानाच्या कॉलेजात विचारावं की या विषयाला पूर्णवेळ किती आणि तासिका तत्त्वावर (सीएचबीवर) किती. सीएचबीवरचे शिक्षक वाईट शिकवतात असं मी मुळीच म्हणत नाही. त्यातले कित्येक जीव तोडून शिकवतात. पण तासावर पैसे मिळणारा माणूस पुढच्या वर्षी तिथे असेल याची खात्री त्यालाही नसते.

अठरा वर्षांच्या मुलाला यातलं काय कळणार, असं म्हणणाऱ्यांना मी एका मुलीबद्दल सांगेन. गुहागर तालुक्यातली ही मुलगी वडिलांबरोबर घाटावरच्या एका मोठ्या कॉलेजात गेली. माहिती देणारे गृहस्थ त्यांना सभागृह, जिम, स्टार्टअपचा कक्ष दाखवत होते. ती प्रयोगशाळांच्या मजल्यावर बाथरूमला गेली तर मुलींच्या बाथरूमला कुलूप. किल्ली शिपायाकडे, शिपाई खालच्या ऑफिसात. तिने तिथल्याच दोन मुलींना विचारलं, तुम्ही काय करता? त्या म्हणाल्या, आम्ही प्रॅक्टिकलच्या दिवशी पाणी कमी पितो. वडिलांना ती जिम आठवत राहिली, मुलीला ते कुलूप. त्याच महिन्यात तिने जिल्ह्यातलंच एक जुनं कॉलेज बघितलं. पत्र्याची शेड, बाक जुने, पण मायक्रोबायोलॉजीच्या मॅडमनी मुलांकडून खाडीच्या पाण्याचे नमुने आणवले होते आणि बाटल्यांवर मुलांच्या हाताने लिहिलेली गावांची नावं होती. ती तिथे गेली. एवढ्यावरून ‘इथेच शिका’वाल्यांनी हुरळून जाऊ नये, कारण त्याच वाडीतला एक मुलगा जवळचं कॉलेज बघून आला, यंत्रशाळेतल्या यंत्रांवर धूळ बसलेली त्याने बघितली आणि तो मुंबईला गेला. दोन्ही निर्णय बरोबर होते. दोघांनाही ते आपले वाटतात, कारण दोघांनी ते डोळ्यांनी बघून घेतले.

न बघता आपण कुणावर विसंबतो हेही बघायला हवं. गिरण्यांच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यातला मुलगा बोटीने मुंबईला उतरायचा, गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकायचा आणि खोलीतल्या कुणाची ज्या जॉबरशी, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाशी, ओळख असेल त्या गिरणीत चिकटायचा. गिरणी कुठली, खातं कुठलं, हे तो निवडत नसे, ते ओळखीने ठरे, आणि जॉबर त्याची दस्तुरी, म्हणजे कमिशन, घेई. त्या ओळखीने हजारो घरं उभी राहिली, तिला मी नावं ठेवणार नाही. पण आजचा प्रवेश तसाच होतो हे बघून वाईट वाटतं. मावसभाऊ जिथे आहे तिथेच धाकट्याला घालायचं. त्याहून वाईट म्हणजे १९८३ नंतर विनाअनुदानित कॉलेजांची जी लाट आली तिच्यात जागा जास्त आणि मुलं कमी अशी वेळ पुष्कळ ठिकाणी आली, आणि जागा भरून देणारे एजंट तयार झाले. ते निकालाच्या दुसऱ्या दिवशी घरी येतात, गोड बोलतात, ‘होस्टेल बघतो, स्कॉलरशिप बघतो’ म्हणतात. त्यांची दस्तुरी कोण देतं, हा प्रश्न त्यांना तोंडावर विचारावा.

राहिला खर्चाचा आक्षेप. त्यावर मला उडवाउडवी करायची नाही. ज्या घरात बाप बागेत राखणीला आहे किंवा आई मासळीची पाटी घेऊन दारोदार जाते, तिथे एक दिवस जाणं म्हणजे एका दिवसाची मजुरी जाणं. राजापूरच्या आतल्या गावातून पुण्याला जाऊन यायचं तर दोन दिवस, तिकीट, राहणं, खाणं. अशा माणसाला ‘बघितल्याशिवाय ठरवू नका’ असं नुसतं सांगणं हा उद्धटपणा आहे. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आई आणि मुलगी गेल्या तर थोडं हलकं होतं, पण तेवढ्याने भागत नाही. म्हणूनच मी हे काम शाळेवर टाकतो आहे. आणि शाळेला त्यासाठी नवा पैसा लागत नाही, कारण बस आधीच जाते आहे.

दर डिसेंबर-जानेवारीत आपल्या शाळांच्या आणि ज्युनिअर कॉलेजांच्या सहली निघतात. रायगडला जातात, महाडहून थोडं पुढे गेलं की लोणेरे आहे. मुरुड-हर्णैला जातात, सुवर्णदुर्ग बघतात. वाटेत दापोली लागते आणि तिथे विद्यापीठाच्या रोपवाटिका आहेत. हापूस आणि नीलमच्या संकरातून ‘रत्ना’ आंबा ज्यातून निघाला त्या संशोधनाचा वारसा तिथे शिकवला जातो. गणपतीपुळ्याला जातात आणि परत येताना रत्नागिरीत सागरी संशोधन केंद्राच्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा बघतात. मुलं तो सांगाडा बघून चाट पडतात, फोटो काढतात, बसमध्ये बसतात. हे केंद्र ज्या विद्यापीठाचं आहे त्याचंच मत्स्य महाविद्यालय शहराला लागून आहे, बारावी सायन्सनंतर तिथे चार वर्षांची पदवी मिळते, हे त्या मुलांना त्या दिवशी कुणी का सांगत नाही? मिरकरवाड्यातल्या, हर्णैतल्या, देवगडच्या मच्छीमाराच्या मुलाला तिथला मत्स्यबीजाचा टँक अर्धा तास दाखवला तर तो ‘आपल्या धंद्यात काय शिकायचं असतं’ हे वाक्य पुन्हा म्हणेल का?

कॉलेजं म्हणतील, पन्नास मुलं आली की तास मोडतात. पण हीच कॉलेजं आपल्या मुलांना इंडस्ट्रियल व्हिजिटला कारखान्यात नेतात, आणि कारखाना यंत्रं बंद न करता त्यांना फिरवतो. शाळा म्हणतील, परवानग्या, जबाबदारी, वर हे आणखी एक काम. शिक्षकांवर कामाचं ओझं आहे हे शंभर टक्के खरं. तरीही सहलीच्या अर्जावर एक ठिकाण वाढवणं हे ओझं नाही, आणि ज्या शिक्षकाने दोन वर्षं या मुलांना शिकवलं त्याला ती पुढे कुठे जाणार हे बघावंसं वाटणारच.

पुण्या-मुंबईच्या कॉलेजांचं काय? तिथवर शाळेची बस जाणार नाही. पण जिल्ह्यातली दोन कॉलेजं नीट बघितलेल्या मुलाला काय विचारायचं हे कळलेलं असतं, मग पुण्यात तो लॉन बघून दिपत नाही, जर्नल मागतो. आणि मुंबईकर मंडळांना माझी हात जोडून विनंती आहे की सत्काराच्या शालीवर होणारा खर्च एक वर्ष बाजूला ठेवा. त्याऐवजी गावातल्या अकरावीच्या चार मुलांना जानेवारीत दोन रात्री आपल्या घरी ठेवून घ्या आणि एक सुट्टी टाकून त्यांना तीन कॉलेजं दाखवून आणा. डोंबिवली, विरार, भांडुपात आपली माणसं राहतात, त्यांची मुलं त्याच कॉलेजांत शिकतात. होस्टेलची मेस कशी, शेवटची लोकल किती वाजता, मुलींना रात्री स्टेशनवरून कसं यावं लागतं, हे त्यांच्याइतकं खरं कोण सांगणार?

मुलींच्या बाबतीत तर आता एक जुनी अडचणही कमी झाली आहे. २०२४-२५ पासून, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, ओबीसी आणि एसईबीसी प्रवर्गांतल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ‘फी कमी म्हणून जवळचं’ हे कारण त्यांच्यापुरतं बरंच निघून गेलं. राहण्या-जेवणाचा खर्च आहेच, पण आता निदान कॉलेज बघून त्याची लायकी ठरवण्याइतकी मोकळीक त्या घरांना आहे. त्यांना ती कुणीतरी सांगायला हवी, निकालानंतर नाही, आधी.

दिवाळीची सुट्टी संपली की सहलींची आखणी सुरू होते. त्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी वाटेवरच्या एका कॉलेजला पत्र लिहावं. त्यात तीन गोष्टी मागाव्या: दिवस शनिवार-रविवार नको, मंगळवार किंवा बुधवार हवा, प्रॅक्टिकल चालू असलेली प्रयोगशाळा बघायची आहे, आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी अर्धा तास बोलायचं आहे, शिक्षक समोर नसताना. कॉलेजचं उत्तर, ते हो असो वा नाही, बारावीच्या वर्गातल्या फळ्याशेजारी लावून ठेवावं.